लामुन मेली, आजार तेवढा राहिला

माझी बायको लामुन मंगळवारी सकाळी विहारात मेली आणि नाश्त्याच्या आत परत जन्मालाही आली. आमच्या खोन केन शहरात यात नवल काही नाही. ग्रह फिरले की माणूस जाऊन शवपेटीत आडवा होतो, वरून पांढरं कापड ओढतात, भन्तेजी मंत्र म्हणतात, मग डोकं दुसऱ्या दिशेला करून उठवतात. नशिबाला वाटतं, गिऱ्हाईक गेलं. मोटरसायकलवरून पडलो तेव्हा मीही पेटीत पडून आलोय. पण मी घरी येऊन मुकाट्याने कामाला लागलो. ही बाई घरात शिरली तीच मला म्हणाली, "काका, तुम्ही इथेच राहता का?"

"लामुन, थट्टा पुरे. दुकान उघडायचंय."

"लामुन गेली बिचारी. मी नात्निचा. भन्तेजींनीच नाव दिलंय."

नात्निचा! आजकाल शाळेत दर बाकावर एक नात्निचा बसलेली असते. ही साठीची नात्निचा माझ्या घरात माझ्याच ताटातला चिकट भात खात होती आणि वर विचारत होती, "तुमच्या मिसेस छान स्वयंपाक करायच्या का हो?" मी म्हटलं, चार दिवस चालेल, मग येईल ताळ्यावर. बायकांचं काही सांगता येत नाही, आणि पुरुषांचंही नाही.

पण खरी गोम पुढे होती. लामुनला रक्ताचा कॅन्सर. औषधाची पहिली फेरी झाली होती, रक्त सुधारलं होतं, आणि सोमवारी दुसऱ्या फेरीला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. बॅग भरायला काढली तर बाईसाहेब म्हणतात, "कॅन्सर लामुनला होता. ती मेली. मेलेल्या बाईचं दुखणं मी कशाला अंगावर घेऊ? मी तर परवा जन्मलेय."

माझं डोकंच फिरलं. हाताला धरून नेली तिला डॉक्टर पिमरदाकडे. ही पोरगी कॉलेजात असताना जाडजूड पुस्तकांच्या झेरॉक्स आमच्याच दुकानात काढायची. लामुनला मावशी म्हणते. मला वाटलं, हिचं तरी ऐकेल.

पिमरदाने सगळं ऐकलं. हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "मावशी, पेशी एकाची दोन होते तेव्हा आधी काय करते माहितीये? तुमच्याच धंद्यातली आहे ती. झेरॉक्स काढते."

"कशाची?" धंद्याचं नाव निघालं की हिचे कान उभे.

"आत शिडीसारखा एक लांब धागा असतो, डीएनए. ती शिडी मधोमध उभी सुटते. मग दोन्ही अर्ध्यांसमोर पायरीला जुळणारी पायरी बसत जाते आणि एका शिडीच्या दोन होतात. पण दोन्हींत एक बाजू जुनीच असते बरं का. अख्खी नवी शिडी कुणालाच मिळत नाही. तुम्हालाही नाही मिळाली."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे पेटीतून कितीदा का उठा, लामुनमावशीच्या पेशी तुमच्या अंगात आहेतच. त्यांतली बिघडलेली एक जरी उरली असली, तर ती प्रती काढत सुटेल. तिला बस म्हणणारं कुणी नाही. म्हणून सलाइनमधून आम्ही खोट्या पायऱ्या सोडतो. दिसायला अगदी खऱ्यासारख्या. पेशी घाईघाईत उचलते, बसवते, आणि पुढे शिडी वाढतच नाही. काम अडकतं आणि पेशी मरते."

"शी! चालत्या मशीनमध्ये मुद्दाम खोटा माल घालायचा? आमच्या दुकानात कुणी असं केलं असतं ना, तर झाडूने हाणला असता मी त्याला!"

"तुमच्या दुकानात?" मी लगेच पकडलं. "तू तर परवा जन्मलीस ना?"

"तुम्ही मधे बोलू नका, काका." आणि पिमरदाला, "मग लामुनचे केस का गेले?"

"केसांच्या मुळाशीही प्रती भराभर निघतात, मावशी. औषधाला भेद कळत नाही. त्यांनाही फसवतं."

"बघा! कष्टाळू केसांचासुद्धा बळी." ती उठली. "फसवायचंच तर मी नशिबाला फसवून आलेय. त्यात उलट्या नाहीत की तोंडात फोड नाहीत." आणि चालू पडली. पिमरदा माझ्या कानाशी म्हणाली, "काका, उशीर करू नका. काहीही करा, पण आणा त्यांना."

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. ठीक आहे, म्हटलं. लामुन मेली ना? मग आमच्यात मेलेल्याला असं वाऱ्यावर सोडत नाहीत. रविवारी संध्याकाळी प्रार्थना ठेवतो!

भन्तेजींना विचारलं. ते म्हणाले, रिकाम्या पेटीसाठी मंत्र म्हणायला मनाई कुठेच नाही. पेटीही तीच दिली, मंगळवारचीच. लामुनचा फोटो नात्निचाबाईंनी स्वतः मोठा करून काढला, वर म्हणाल्या, "काळा जरा जास्त आला का हो, काका?" आणि गल्लीतली माणसं तर देवमाणसं. काळे कपडे घालून सगळी आली. असं कसं, बाई तर जिवंत आहे, हे तोंडावर विचारणं कुणालाच बरं दिसेना. मेलेल्याला वाहायला फुलांऐवजी हल्ली टॉवेल गुंडाळून चक्रं करतात, तशी चार आली. समोरच्या कोंबडी भाजणाऱ्या सुपापबाईंनी लामुनचाच खांदा थोपटला. "फार चांगली होती हो लामुन. जीभ तेवढी तिखट."

"तिखट? कुणाची जीभ तिखट?" लामुन पाहुण्यांना पेज वाढत होती. पळी तशीच हवेत राहिली.

"तुम्ही नव्या, तुम्हाला कसं माहीत असणार," सुपापबाई म्हणाल्या.

मंत्र झाले. मग माइक माझ्या हातात दिला. गेलेल्या माणसाची हकिकत घरच्याने सांगायची असते. मी तयारीने उभा राहिलो होतो. चांगली टोपी उडवायची होती मला तिची, सगळ्या गल्लीसमोर. म्हणायला लागलो, "लामुन हट्टी होती. लामुन घोरायची. लामुनला..." आणि नजर फोटोवर गेली. उद्या हा फोटो इथेच असणार, पेटी भरलेली असणार, आणि मला हेच बोलायचं असणार.

मी खालीच बसलो आणि हमसून हमसून रडलो. माइकवरून साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. "मला तिच्या पाया पडायचं होतं," मी म्हणालो, "म्हणायचं होतं, चल गं माझ्याबरोबर दवाखान्यात. माझ्यासाठी चल. पण ती ऐकायला थांबलीच नाही."

मग पातेल्यात पळी टाकल्याचा आवाज आला आणि ती माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. माझ्या हातातला माइक काढून घेतला, पण बंद कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं.

"अहो, उठा," ती म्हणाली. "सकाळी लवकर निघायचंय ना."

मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"मेले होते तोवर फार बरं होतं हो," ती म्हणाली, आणि तेही साऱ्या गल्लीने ऐकलं. "भीती वाटत नव्हती."