काळ्या फडक्यातले खडे

माझी बायको सारजा गेल्यावर चौथ्या महिन्यात मी देवघराखालचं कपाट आवरायला काढलं. ते तिचं कपाट, मी कधी उघडलं नव्हतं. तेलाच्या बाटलीमागं काळ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी हाताला लागलं. सोडलं तर आत काळा कागद आणि कागदात काचेची बारकी डबी. डबीत पिवळे, केसासारखे बारीक खडे.

नीट दिसावेत म्हणून डबी खिडकीत उन्हात धरली. एक खडा हलला. माझाच हात हलला असेल म्हणून डबी चौकटीवर ठेवली. तरी खडे एकेक करून वाकायला लागले. एक तर उडून झाकणाला लागला. मी सगळं घाईघाईनं परत बांधून जागेवर ठेवलं.

मी तीस वर्षं सोलापुरात भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला. नुसत्या उन्हानं हलणारी वस्तू कधी पाहिली नव्हती.

घरात आता आम्ही तिघं. मी, मुलगा ऋतुराज आणि सून सई. सई विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करते. डबी तिचीच, याबद्दल मला शंका नव्हती. शंका वेगळी होती.

सारजा जाण्याच्या तीन दिवस आधी सई गॅलरीत फोनवर बोलत होती. मी आत पाणी पीत होतो. ती म्हणाली, "मदर आता काढूनच टाकते. जास्त दिवस ठेवली तर सगळं खराब होईल." सारजा तेव्हा आतल्या खोलीत पलंगावर होती. मला वाटलं, दवाखान्यात हलवायचं बोलत असेल. शिकलेली माणसं असंच म्हणतात. ऋतुराजचे साहेब भेटायला आले तेव्हा तेही म्हणाले होते, मदर कशानं गेल्या. पण डबी सापडली आणि ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी लक्ष ठेवायला लागलो. डबी काढायच्या आधी सई पडदा ओढून घ्यायची. कुणी आलं की फडकं झाकायची. तिनं केलेला चहा मी गार झाला असं सांगून मोरीत ओतायला लागलो. ऋतुराजला विचारलं तर म्हणाला, तिच्या अभ्यासाचं असेल, मला त्यातलं कळत नाही. मग मला त्याचीही शंका यायला लागली.

शेजारची ईरम्मा घरी टॉवेलांना शिलाई मारते. तिला मी सगळं सांगितलं, तिथं माझं चुकलं.

"अण्णा, काळं फडकं, आत हलणारं, आन् तेबी देवाखाली," ती म्हणाली. "आमच्या मैंदर्गीकडं असल्याला करणी म्हणत्यात. तुमच्यात काय म्हणत्यात?"

आमच्यातही तेच म्हणतात. आठ दिवसांत बोळातल्या बायका सईशी बोलायच्या थांबल्या. मी ऋतुराजला वेगळी खोली बघायला सांगितलं. कारण दिलं नाही. त्यानं जुळे सोलापूरला खोली बघितली. रविवारी जायचं ठरलं.

शुक्रवारी मी फडकं पुन्हा सोडून बघितलं आणि बांधून ठेवलं. शनिवारी सकाळी सई ते हातात घेऊन माझ्यासमोर आली. "मामा, ही गाठ माझी नाही. ही मागावरची गाठ आहे."

तुटलेला धागा जोडायची गाठ. हाताला सवय, दुसरी बसतच नाही. मग मीही लपवलं नाही. फोनवरचं वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं आणि विचारलं, कुणाला काढून टाकायचं होतं.



"मामा, मी आत्यांना कधी मदर म्हटलंय का?"

म्हटलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सारजा तिची आत्याच होती.

मग तिनं सांगितलं. पाकात खडीसाखर धरते, तसे हे खडे एका पाण्यात धरतात. खडे धरल्यावर जे पाणी मागं उरतं त्याला त्यांच्यात मदर म्हणतात. ते वेळेवर काढलं नाही तर खडे खराब होतात. विभागात बांधकाम चाललं होतं, हादऱ्यानं खडे मोडायचे, म्हणून सारजानंच तिला कपाटातली जागा दिली. फडकंही सारजाचंच.

मी म्हटलं, कशावरून?

ती चिडली नाही. पडदा ओढला आणि डबीवर जांभळ्या उजेडाची बॅटरी धरली. खडे वाकले. बॅटरी बंद करून आम्ही अंधारात बसलो. थोड्या वेळानं तिनं पडद्याची फट केली, तर खडे सरळ झाले होते. उजेडानं आतले कण दोन-दोन जोडले जातात, अंधारात सुटतात, असं काहीसं ती म्हणाली. मला निम्मं कळलं. निम्म्यावर माझा विश्वास अजून बसत नव्हता.

"आत्यांना दाखवलं होतं," ती म्हणाली. "तर म्हणाल्या, 'जित्तं हाय की गं हे. पर तुज्या मामाला दावू नगं. घड्याळ बंद पडलं तरी त्येला वाटतंय, कुणीतरी बंद पाडलं.'"

हे बोलणं सारजाचंच. दुसऱ्या कुणाला ते रचता आलं नसतं.

मी म्हटलं, खोलीचं राहू दे. सई म्हणाली, "बोळात काय चाललंय ते मला कळतंय, मामा. जिथं सांगितलंत तिथं तुम्हीच जाऊन सांगा. मग मी ठरवते."

ईरम्माकडं दोन बायका टॉवेल घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. गाठीपासून खडीसाखरेपर्यंत. ईरम्मानं ऐकून घेतलं, दातानं दोरा तोडला.

"आसंल बाबा," ती म्हणाली. "पर मग सारजाबाई गेली कशानं?"

इतके दिवस हा प्रश्न मी दुसऱ्यांवरच ढकलत होतो.

"किडन्या गेल्या हुत्या," मी म्हटलं. "डॉक्टरनं दोन वर्षं आदी सांगितलं हुतं, दर म्हयन्याला आना म्हणून. मीच बघू, बघू म्हणत ऱ्हायलो."

मागं वळलो तर आमच्या दारात सई उभी होती. तिनं ऐकलं होतं.

रविवारी ती दोघं गेली नाहीत. सई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.