सतरा क्रमांकाची बाई

प्रांजली कोळेकर हातात पेन्सिल घेऊन अहवालातली नावे शोधत होती. मेंढपाळ बायांच्या आजारांवरच्या संशोधनाला विद्यापीठाने अनुदान दिले होते. अहवाल छापण्याआधी मुलाखतींमधून कुणाची ओळख उघडी पडत नाही ना, हे अनुदान विभागातली अधिकारी म्हणून तिला पाहायचे होते. नाव दिसले की खोडायचे, गावाच्या जागी 'एक गाव' लिहायचे. सोळा मुलाखती झाल्या.

सतराव्या मुलाखतीत खोडण्यासारखे काहीच नव्हते. वय बासष्ट. मेंढ्याच्या धडकेत समोरचे दोन दात पडलेले. 'छातीत वर्सापासून गाठ हाय. पोरीला नाय सांगितलं. ती युनिवर्सिटीत हाय, तिच्या जिवाला घोर कशाला?'

पेन्सिल कागदावर टेकली ती टेकलीच. मेंढ्याने धडक दिली तेव्हा प्रांजली सात वर्षांची होती. आईचे दात तिनेच मातीतून वेचले होते.

मुलाखतीखाली बारीक अक्षरात टीप होती: तातडीच्या तपासणीसाठी अर्ज केला आहे. प्रांजलीने कपाटातून फाइल ओढली. अर्ज जूनचा होता. संशोधक रूपा ससाणे यांनी पाच बायांना प्रवासाच्या निधीतून शहरातल्या दवाखान्यात न्यायची परवानगी मागितली होती. खाली प्रांजलीच्याच अक्षरात शेरा होता, 'नियमात बसत नाही. परत.' पाचही जणींचे नुसते क्रमांक दिले होते. शेवटचा सतरा.

तिने रूपाबाईंना फोन लावला.

"मॅडम, सतरा क्रमांकाच्या बाई..."

"नाव सांगता येणार नाही मला."

"नाव नको. त्यांना दवाखान्यात नेलंत का?"

"चौघींना माझ्या गाडीतून नेलं. ही आलीच नाही." रूपाबाई म्हणाल्या. "ऑफिसनं नकार दिलाय, हे मी बोलून गेले होते. तेवढंच धरून बसली. म्हणाली, हापिसानं नाय म्हणल्यावर मी आले, तर माझ्या पोरीवर बालंट यायचं."

शेजारच्या टेबलावरून राजेंद्र भालेराव काहीतरी विचारत होते. त्यांचे ओठ हललेले तिला दिसले, शब्द कळले नाहीत. अहवाल तसाच उघडा टाकून ती जिना उतरली.

दौलताबादजवळच्या वस्तीवर ती पोहोचली तेव्हा बानाबाई अंगणात लंगड्या मेंढीच्या खुराला हळद लावत बसली होती.

"आज सुट्टी हाय व्हय गं?"

"आई, गाठ दाखव."

बानाबाईचा हात थांबला. "त्या बाईनं सांगितलं? नाव कुणाला कळायचं नाय म्हणली व्हती."

"तिनं नाही सांगितलं. मी वाचलं." प्रांजली तिच्यापुढे वाकली. "आणि हापिसानं नाही गं, मीच नाही म्हटलं होतं. न वाचता."

बानाबाईने मेंढीचा पाय सोडला. हात पदराला पुसले.

"तुजं कामच हाय ते," ती म्हणाली.

मग तिने लेकीची बोटे धरून हळूच आपल्या काखेत नेली.

"त्या बाईला एकच ठाव हाय. ही नंतरची."

प्रांजलीने हात काढला नाही. शेजारीच काढलेली चप्पल तिने पायानेच ओढून आईच्या पुढ्यात सरकवली.