शेणावरची अळंबी

शिनोलीच्या कुशाबाची बायको सोनीबाई उन्हाळ्यात भिंतीकडं तोंड करून बसली, ती बसलीच. बरं, कारण म्हणावं तर काही नाही. घरात भांडण नाही, तंटा नाही. ओझरच्या गणपतीला नवस झाला, जुन्नरच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या. झोप तेवढी लागायची, पण बाई बोलेना. जिच्या तोंडाला सगळी आळी टरकून, ती गप्प! कुशाबाला घर खायला उठलं.

लेक वैजयंती परदेशात मनाच्या याच दुखण्यावर संशोधन करायची, आणि तेही अळंबीतल्या औषधावर. एकदा फोनवर म्हणाली, "आबा, वर्षानुवर्षं न रडलेला माणूस औषध दिलं त्या दिवशी ढसाढसा रडला. उठून म्हनला, झाडं हिरवी हायेत हे आज दिसलं. आणि ती अळंबी उगवते कशावर? शेणावर!"

कुशाबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण पायानं उडवतो त्या छत्र्यांत एवढं बळ? फोन ठेवून त्यानं उकिरड्याकडं बघत हात जोडले.

गौरी-गणपतीला लेक यायची होती. ती यायच्या दिवशीच त्यानं गोठ्यामागच्या छत्र्या सूपभर खुडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि चुलीवर कढई चढवली. तेल तापलं तशी वैजयंती दारात.

"आबा, थांबा!" बॅग टाकून तिनं सूप ओढलं. "यातली इषारी कुठली, हे नुसतं बघून मलाबी सांगता यायचं न्हाई. आईचा जीव गेला असता!"

"अगं, तूच म्हनली व्हतीस ना..."

"ते औषध मोजून देत्यात. अजून अभ्यासच चाललाय, आपल्याकडं तर बंदी हाय. आणि देताना दोन माणसं दिवसभर उशाशी बसत्यात. हात मागितला तर हात देत्यात. एकटं म्हनून सोडत न्हाईत."

कुशाबा मटकन बसला. देव झाला, डॉक्टर झाला, पण त्या भिंतीपाशी तो घटकाभरसुद्धा टेकला नव्हता. मनातून ओशाळला बिचारा. सरकत सरकत गेला आणि सोनीबाईचा हात हातात घेतला. लेकीसमोर लाज वाटली, पण सोडला नाही.

वैजयंतीनं मागचं दार उघडलं. "ते बघा, ढिगावर अजून हायेत. त्यांना हात लावायचा न्हाई." तिनं बोट दाखवलं.

"बोट वाकीव की गं, भवाने!"

दोघं जागच्या जागी थिजली. सोनीबाईनं भिंतीकडून मान वळवली होती.

"कवळ्या जिनसाला सरळ बोट दावू न्हाई, सडतीया. किती येळा सांगायचं?"

कुशाबाच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या शिवीवरून त्यानं जीव ओवाळून टाकला असता! वैजयंती त्याच्या कानाशी वाकली. "आबा, एका बोलण्यानं ती बरी झाली न्हाई हां," ती कुजबुजली. "गोळ्या चालूच ठेवायच्या."

"व्हय गं," कुशाबा म्हणाला. हात अजून हातातच होता.

सोनीबाईनं दुसरा हात उचलला, बोट वाकवलं आणि दाराबाहेर दाखवलं. शेणावर पांढऱ्याशुभ्र छत्र्या उमलल्या होत्या.

"बघा की," ती म्हणाली. "काल तितं कायबी नव्हतं."