चार पॉइंटांचा माणूस

शैलेंद्रने बॅगेतून मोजे काढले आणि तिथेच घात झाला.

मोजे मरून रंगाचे होते, वर दोन पिवळे पट्टे. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या थंडगार चेंजिंग रूममध्ये बाकी सगळ्यांच्या पायांत क्लबचे निळे मोजे. मार्चमधला रविवार, मोसमाआधीचा पहिला सराव. कर्णधार मिच बुटांच्या नाड्या बांधता बांधता थांबला आणि हे कुठले, म्हणून त्याने सहज विचारलं. एरवी शैलेंद्र चार शब्दांत आटपणारा माणूस. पण हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तर त्याने ते मोजे आणले होते. तो सांगत सुटला. बँकेने गेल्या वर्षी नऊ महिन्यांसाठी मेलबर्नला पाठवलं, तिथे एका उपनगरातल्या क्लबात नाव घातलं, आणि चौथ्या संघातून का होईना, पण अख्खा मोसम खेळलो. तेरा सामने. शेचाळिसाव्या वर्षी.

टाळ्या पडतील अशी त्याची अपेक्षा होती. पण मिचने बुटाची नाडी सोडून दिली.

"शॅझ," तो म्हणाला, "म्हणजे तू आता चार पॉइंटांचा झालास."

शॅझ म्हणजे शैलेंद्र. आजोबांनी हौसेने ठेवलेल्या नावाची क्लबाने पहिल्याच आठवड्यात ही चिंधी केली होती आणि गंमत म्हणजे ती त्याला आवडायची.

हा खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. नारळासारखा लांबट चेंडू लाथेने उडवायचा, हवेतून येणारा स्वच्छ झेलला की कुणी हात लावायचा नाही, निवांत किक मारायची. नऊ वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मिचने माणसं कमी पडतात म्हणून शैलेंद्रला ओढून नेलं होतं. पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये तो स्लिपला उभा राहायचा. तेवढ्या भांडवलावर इथे त्याचं निभावलं. जवळ आलेला चेंडू तो सहसा सोडत नसे. झेलल्यावर त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र त्याला कधी नीट उमगलं नाही.

तरीही मिच दर आठवड्याला संघ निवडताना आधी त्याचंच नाव घेई, आणि त्याचं कारण होता एक नियम. या देशात हा खेळ खेळणारे क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पूर्वी नोकरीसाठी आलेले सगळे ऑस्ट्रेलियन अ‍ॅमस्टरडॅमच्या क्लबात गोळा व्हायचे आणि बाकीच्यांचा फडशा पाडायचे. ग्रोनिंगनची विद्यार्थी मुलं एका मोसमात इतकी हरली की त्यांनी यायचंच सोडलं आणि तो क्लब बंद पडला. मग लीगने ठरवलं, प्रत्येक खेळाडूला एक भाव. खेळ इथे शिकला असेल त्याचा एक पॉइंट, ऑस्ट्रेलियात पूर्ण मोसम खेळला असेल त्याचे चार. मैदानावर नऊ जण, आणि त्यांची बेरीज एकवीसच्या वर जायची नाही. म्हणजे तिकडचे चार, इकडचे पाच. त्या सभेत या नियमाच्या बाजूने सर्वांत तळमळीने कोण बोललं असेल, तर शैलेंद्र. हरणाऱ्याला निदान आशा तरी हवी, असं काहीसं तो म्हणाला होता.

मिचकडे चार ऑस्ट्रेलियन होतेच, मिच धरून. त्यांना मैदानात उतरवायचं तर सोबत एक-एक पॉइंटवाले पाच हवेत, आणि त्या पाचांत कधीही न चुकता हजर राहणारा शैलेंद्र. आपण बेरीज जुळवायला आहोत, हे त्याला ठाऊक होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. या देशात त्याला काही कमी नव्हतं. आम्स्टलव्हेनला घर होतं, वाढदिवसांना बोलावणारी मराठी मंडळी होती, गणपतीत आरतीला उभं राहायला जागा होती. पण रविवारी दुपारी वाऱ्यात आठ माणसं घसा फोडून आपलं नाव घेतात, हे सुख दुसरं कुठेच नव्हतं. त्या आठांशिवाय आपण इथले कोण, असा प्रश्न त्याला कधी कधी पडे.

आता तो पाचांत बसत नव्हता आणि चारांत बसण्याची त्याची लायकी नव्हती.

सराव संपल्यावर अंबरीश सायकलचं कुलूप काढता काढता जवळ आला. सव्वीस वर्षांचा, औंधचा, शैलेंद्रनेच दोन वर्षांपूर्वी क्लबात आणलेला.

"दादा, बोलायचंच नाही कुणाला. चौथी टीम म्हणजे काय हो, तिथे पंच तरी होता का?"

"होता," शैलेंद्र म्हणाला. "शेवटच्या मॅचला नव्हता आला."

"मग? खेळलोच नाही म्हणायचं. कोण बघायला जातंय मेलबर्नला?"

त्या नऊ महिन्यांत शैलेंद्र एकटा राहिला होता. लेक सलोनीची शाळा मोडू नये म्हणून ती आणि बायको पद्मजा इथेच होत्या. शनिवारचा सामना नसता तर तिथला प्रत्येक आठवडा अंगावर आला असता. तो मोसम खेळलोच नाही, हे म्हणणं त्याच्या जिभेवर येईना.

घरी पद्मजाने सगळं नीट ऐकून घेतलं. कणकेचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "म्हणजे तू इतका चांगला झालास की तुला काढलं."

"काढलं नाहीये. बेरीज बसत नाहीये."

"आधी कोण म्हणायचं, मी चांगला असतो तर नुसता बेरजेला उभा राहिलो नसतो?"

ती चेष्टा करत होती, पण नंतर तिने त्याला आवडतात म्हणून थालीपिठं लावली. त्यावरून प्रकरण गंभीर असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

मार्ग मिचनेच काढला. नियमात सवलतीची सोय होती. खेळाडू कागदावर चारचा असला, तरी प्रत्यक्षात त्या दर्जाचा नाही असं कर्णधाराने समितीला पटवून दिलं आणि खेळाडूने मान्य केलं, की त्याचा भाव पुन्हा एक. मिच म्हणाला की दहा मिनिटांचं काम आहे, मी बोलतो, तू फक्त हो म्हण.

एप्रिलमधल्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दोघांनी ऑफिसात एक मीटिंग रूम अडवली. पडद्यावर समितीचे तिघं होते. त्यातला एक ब्रेडाच्या क्लबचा कर्णधार योरिस, गोदामात ट्रकांच्या वेळा लावणारा, मागे रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा आवाज घेऊन बसलेला. त्याचा क्लब दोन वर्षं तळाला होता.

मिच बोलायला लागला. शैलेंद्र मनाने फार चांगला आहे, असं म्हणून त्याने सुरुवात केली आणि मग मुद्द्यावर आला. हा पळायला मंद आहे. डाव्या पायाने किक मारताच येत नाही, उजव्याने मारली तर कुठे जाईल सांगता येत नाही. आठ मोसमांत याने एकही गोल केलेला नाही. समोरचे संघ याच्यावर कधी माणूस ठेवत नाहीत, मोकळा सोडतात, कारण त्याने काही बिघडत नाही. मेलबर्नच्या त्या संघात चालता येणाऱ्या कुणालाही घेतात. याला चार पॉइंट लावणं म्हणजे थट्टा आहे.

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. शिवाय बोलणाऱ्याला माया होती; मित्राची जागा वाचवायला तो जीव तोडून बोलत होता. शैलेंद्र टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत ऐकत राहिला. त्याचे कान तापले होते. मोकळा सोडतात, हे आजवर कधी त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आपण चुकवून पुढे जातो, असं तो समजत होता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, हे सगळं तुम्हाला मान्य आहे का.

हो म्हटलं की रविवार परत मिळणार होता, निळे मोजे, सत्तावीस नंबरची जर्सी, ती आठ माणसं. मिचने टेबलाखालून त्याच्या गुडघ्याला हलकेच गुडघा लावला.

"नाही," शैलेंद्र म्हणाला. आवाज थोडा चिरकला म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "मी तेरा सामने खेळलो. नियम मला मान्य आहे. माझे चार धरा."

पडदा बंद झाल्यावर मिच म्हणाला, "मी तुझ्यासाठी बोलत होतो."

"माहीत आहे," शैलेंद्र म्हणाला. "म्हणून तर ऐकून घेतलं."

दुसऱ्या दिवशी योरिसचा फोन आला. त्याच्याकडे नऊच्या नऊ एक-एक पॉइंटवाले होते, बारा पॉइंट नुसते पडून होते, तुला ब्रेडाला येता येईल का. शैलेंद्रने त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की मिच म्हणाला ते सगळं खरं आहे. योरिस म्हणाला, असेल, पण आमच्याकडे झेल घ्यायला शिकवणारं कुणीच नाही, आम्ही व्हिडिओ बघून शिकतो.

अशा रीतीने आपल्या क्लबातला सर्वांत कच्चा खेळाडू तळाच्या क्लबाचा परदेशी भिडू झाला. दर गुरुवारी ऑफिस सुटलं की तो बूट घेऊन गाडीत बसायचा आणि सव्वा तासाने ब्रेडाला उतरायचा. तिथे कारकून होते, दोन नर्स भाऊ होते, एक बेकरीवाला. सगळे त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहायचे आणि तो बोटं कशी पसरायची, नजर शेवटपर्यंत चेंडूवर कशी ठेवायची, हे दाखवायचा. कॉलेजच्या सरांनी स्लिपमध्ये शिकवलेलंच तो सांगत होता. पहिल्या दिवशी त्याला फार लाज वाटली. तिसऱ्या गुरुवारी बेकरीवाल्याने डोक्यावरून जाणारा चेंडू दोन्ही हातांत पकडला आणि आधी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत तो एकटाच हसत होता.

जूनमध्ये अ‍ॅमस्टरडॅमचा संघ ब्रेडाला आला. पद्मजा सलोनीला घेऊन आली होती. पंधरा वर्षांच्या लेकीने बापाचा खेळ आजवर टाळला होता, पण या खेपेला तिने स्वतःहून चौकशी केली. निळ्या जर्सीतली माणसं मैदानात उतरली तेव्हा शैलेंद्रने नकळत स्वतःची जागा शोधली. सत्तावीस नंबर अंबरीशच्या पाठीवर होता. अंबरीश धावत आला आणि ओशाळून म्हणाला की दादा, हीच एक उरली होती.

"बसते ना नीट? मग झालं तर," शैलेंद्र म्हणाला. मग तो वाकून मोजे वर ओढत बसला. मोजे मरूनच होते.

तो गोलच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. मिच त्यांच्या संघाचा सर्वांत तगडा बचावपटू. तो नेहमी समोरच्यांच्या उत्तम खेळाडूला धरायचा. ब्रेडाच्या उंच नर्सकडे जाईल, असं शैलेंद्रला वाटलं. मिच सरळ त्याच्याकडे चालत आला, खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि त्याने पाठीवर पंजा ठेवला.

"तू इकडे कुठे?"

"चार पॉइंटांचा माणूस आम्ही मोकळा सोडत नाही," मिच म्हणाला. तो हसत नव्हता.

आणि खरोखरच त्याने सोडलं नाही. शैलेंद्र डावीकडे पळाला की तो डावीकडे, थांबला की थांबला. पहिल्याच चेंडूला असा धक्का दिला की शैलेंद्र चिखलात तोंडघशी पडला. पद्मजा काठावर उभीच राहिली. दुसऱ्यांदा पाडलं, तिसऱ्यांदा पाडलं. कणव म्हणून दाखवली नाही. अर्ध्या वेळेला शैलेंद्रचा खांदा ठणकत होता आणि त्याच्या हाताला चेंडू लागलेला नव्हता. इतकं छान त्याला या मैदानांवर कधी वाटलं नव्हतं. मिच त्याच्यात अडकल्यामुळे तो उंच नर्स मोकळा राहिला आणि त्याच्या भावाने लांबून दिलेले दोन चेंडू झेलून गोल करून गेला.

शेवटी शेवटी एक किक हवेत उंच आली. दोघंही उडाले. मिचची मूठ डोक्यावरून आली, पण शैलेंद्रची बोटं पसरलेली होती, नजर शेवटपर्यंत चेंडूवर होती, आणि पडला तेव्हा चेंडू छातीशी होता. पंचाने शिट्टी दिली. आता मोकळी किक. त्याने उजव्या पायाने मारली. वाऱ्याने ती खांबाच्या बाहेर, कडेच्या झुडपांत नेली. गोल नाहीच. ब्रेडा हरलं, पण या वेळी थोडक्यात, शेवटपर्यंत पंचांना किती वेळ उरला ते विचारत हरलं, आणि त्यांची माणसं एकमेकांना मिठ्या मारत सुटली.

सलोनी कुंपण ओलांडून आली. त्याच्या गालावरचा चिखल तिने आपल्या बाहीने पुसला.

"बाबा, ही डिडन्ट लीव्ह यू फॉर अ सेकंड," ती म्हणाली.

"नाही ना सोडलं," शैलेंद्र म्हणाला. त्याला अजून धाप लागत होती. सामना संपल्याची शिट्टी कधीच झाली होती, मैदान रिकामं व्हायला लागलं होतं, आणि शेजारी उभ्या मिचचा पंजा अजून त्याच्या पाठीवर तसाच होता.