तीन स्टिकरांखालचा काटा

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. घड्याळातला नव्हे, विमानातला. एकोणीस प्रवाशांच्या एका छोट्या विमानाच्या डाव्या पंखातल्या टाकीत किती इंधन उरले आहे, हे वैमानिकांना सांगणे एवढेच माझे काम. उजव्या टाकीसाठी माझा जुळा भाऊ शेजारीच बसलेला असे. आम्हा दोघांना एकाच बाईंनी घडवले. त्या डोळ्याला भिंग लावून काम करायच्या आणि शिंक आली तरी हात हलू द्यायच्या नाहीत. त्यामुळे मला आपल्या घराण्याचा जरा गर्वच होता, खोटे कशाला बोलू?

चौदा वर्षे मी चोख काम केले. एक म्हातारे कॅप्टन तर निघण्यापूर्वी माझ्या काचेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "डावा कधी थापा मारत नाही." ते निवृत्त झाले. मग माझ्या मागच्या तारेच्या जोडात ओल शिरली आणि मी थरथरू लागलो. भरल्या टाकीला अर्धी म्हणायचो, अर्धीला रिकामी. माझी मलाच लाज वाटायची.

अशा वेळी काय करायचे याचा नियम आहे. एक काटा बंद असला तरी विमान दहा दिवस उडू शकते. मात्र त्याच्या तोंडावर 'बंद आहे' असा स्टिकर लावायचा आणि दर उड्डाणापूर्वी पंखाखाली जाऊन मोजपट्टीने इंधन मोजायचे. दहा दिवसांत दुरुस्ती झालीच पाहिजे, नाहीतर विमान उभे. नियमाला मी नावे ठेवत नाही. तो शहाण्या माणसांनी केलेला आहे.

पण नवा जोड काही येईना. दहावा दिवस उजाडला. आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळे काका म्हणत, कॉकपिटमध्ये आले. माणूस सोन्यासारखा, पण कंट्रोल रूमच्या फोनने बेजार झालेला. विमान उभे राहिले तर जबाबदार कोण, असे त्यांना सकाळपासून चार वेळा विचारून झाले होते. त्यांनी स्टिकर सोलला, काचेवर टिचकी मारली आणि हळूच म्हणाले, "बाबा रे, एक मिनिट नीट उभा राहा. माझ्यासाठी."

आणि मी राहिलो, मित्रांनो. कसाबसा दम धरून, त्यांच्या प्रेमाखातर, एक मिनिट सरळ उभा राहिलो. काकांनी वहीत लिहिले, 'तपासला, ठीक आहे.' दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थरथरलो, तेव्हा तो नवा बिघाड ठरला. नवा बिघाड म्हणजे नवे दहा दिवस: सोललेला स्टिकर परत बसला आणि त्यावर एक नवा. पुढच्या वेळी काकांनी स्टिकर काढायचीही तसदी घेतली नाही. वहीत 'ठीक' लिहिले आणि जुन्यावरच नवा चिकटवला. असे तीन झाले. माझ्या एका मिनिटाच्या शहाणपणाने केवढा घोळ घातला, ते मला तेव्हा कळले नाही.

मग कोरडे, कडक उन्हाचे दिवस आले आणि जोडातली ओल आपोआप वाळली. मी बरा झालो! पण सांगू कोणाला? तीन स्टिकरांखाली तोंड दाबून बसलो होतो.

त्या सकाळी विमान नेहमीच्या जागी उभे नव्हते. तिथे डांबरीकरण चालले होते, म्हणून आम्हाला टोकाच्या जागेवर नेले होते. त्या जागेला डावीकडे उतार होता. काकांनी मोजपट्टी लावली आणि रोजच्या सवयीने आकडा वाचला, चारशे किलो. उतारामुळे इंधन एका अंगाला जमते आणि पट्टी जास्त दाखवते, हे त्यांना पाठ होते. पण पट्टी पंचवीस दिवस रोज लावून लावून अंगवळणी पडली होती. उजवीकडे माझा भाऊही चारशेच दाखवत होता. त्यामुळे कोणाला शंका आली नाही, आणि टँकरही बोलावला नाही. माझ्या टाकीत होते अडीचशे.

कॅप्टन मॅडमनी वही उघडली आणि तीच पाने दोनदा उलटली. महिन्यात तिसऱ्यांदा तोच बिघाड कसा, असे त्यांनी काकांना विचारले. पार्ट येतोय, असे काका जमिनीकडे बघत म्हणाले. एवढ्यात प्रवाशांची बस येऊन थांबली आणि कंट्रोल रूमचा फोनही वाजला. मॅडमनी तो वाजू दिला. पुढे वाकून त्यांनी नखाने स्टिकरांचा कोपरा उचलला.

मी जिवाच्या आकांताने अडीचशेवर उभा राहिलो. जराही हललो नाही. मॅडम, बघा, थरथरतोय का मी? आज तरी ऐका हो!

"हा अडीचशे दाखवतोय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तो बंदच आहे," सहवैमानिक म्हणाला. "त्याचं काय मनावर घ्यायचं?"

मॅडमनी बाहेर थांबलेल्या बसकडे पाहिले. मग अंगठ्याने कोपरा परत दाबून बसवला आणि सही केली.

पुढचा सव्वा तास मी अंधारात एकेक किलो उतरत गेलो. दीडशे. ऐंशी. उतरायच्या गावी धावपट्टीवर दुसरे विमान अडकले होते, म्हणून आम्हाला घिरट्या घालाव्या लागल्या. तीस. मला ओरडता येत नव्हते. मागे एक आजोबा खोकत होते, कोणीतरी हसत होते. दहा. जमीन अगदी जवळ आली आणि डावे इंजिन बंद पडले. विमान एका अंगावर कलले. भावाच्या टाकीतले इंधन इकडे वळवायलाही वेळ उरला नव्हता. मॅडमनी सगळे बळ लावून ते धावपट्टीशेजारच्या गवतात उतरवले. चाके मोडली, नाक जमिनीत घुसले.

एकोणीसच्या एकोणीस जण चालत बाहेर पडले. सहवैमानिकही वाचला. मॅडमना मात्र उचलून बाहेर काढावे लागले. त्यांचे पाय पुन्हा हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तपास अधिकारी आले, सोबत काका होते. वाकड्या झालेल्या कॉकपिटमध्ये काकांनी एकेक स्टिकर सोलला. वीज तुटताना मी जिथे होतो तिथेच थिजलो होतो, बरोबर शून्यावर. 

"हा खरं सांगत होता," काका म्हणाले, आणि तिथेच खाली बसून रडले.

आता मी नंबर लावलेल्या पिशवीत, एका फळीवर पडून आहे. मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. बिघडलेल्याला वेळेवर दुरुस्त करा, त्याचे तोंड झाकून वेळ मारून नेऊ नका. आणि तुमचे स्वतःचे काही दुखत असेल, तर कोणी कितीही मायेने सांगितले तरी त्याच्यासाठी एक मिनिट सरळ उभे राहू नका. त्या दिवशी मी काकांसमोर थरथरलो असतो, तर विमान जमिनीवर राहिले असते आणि मॅडम स्वतःच्या पायांनी चालत घरी गेल्या असत्या.