प्रोसरचा तमिळ आवाज

ज्येष्ठमधाची काडी दाताखाली धरली की आधी नुसतं लाकूड लागतं — कोरडं, तंतूतंतूचं, आपल्याला काही देणंघेणं नाही असं — आणि मग, माणूस थुंकून टाकायच्या बेतात असताना, कुठूनशी गोडी सुटते. जयतीर्थाने काडी डाव्या गालात सरकवली, रस्त्यालगतच्या तिण्णैवर, घरापुढच्या ओट्यावर, पाय वर घेऊन बसला आणि खिशातला फोन पुन्हा एकदा काढून पाहिला. आवाज चालू होता. बॅटरी भरलेली होती. फोनचा काहीच दोष नव्हता.

आज जननी फोन करणार होती. चेन्नईच्या स्टुडिओतली मुलगी, बोलायला नम्र, पण कामाचं तेवढंच बोलणारी. इंग्रजी चित्रपटांतला वेल्श नट इदवाल प्रोसर, त्याचा शेवटचा चित्रपट तमिळमध्ये यायचा होता आणि प्रोसरचा आवाज कोण देणार ते ती आज कळवणार होती. जयतीर्थाला तो आवाज द्यायचा होता, आजवर प्रोसरच्या प्रत्येक चित्रपटाला तमिळमध्ये दिला तसा. बस्स, एवढंच. ह्या वयात एखादी गोष्ट इतकी हवी वाटू नये, शोभत नाही. पण वाटत होती, आणि ते लपवत बसण्याइतका त्याचा गळा आता धड राहिला नव्हता.

"आत येऊन काप्पी तरी घ्या," त्याची बायको सीतालक्ष्मी दारातून म्हणाली. "फोन आत पण वाजतो."

"गरम नको मला. गळा."

"गळा," ती म्हणाली आणि आत गेली. एवढ्या एका शब्दात ती पुष्कळ काही म्हणू शकत असे.

गळ्यातली गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, बोलायला काही अडचण नाही. नाहीच. भाजी घ्यायला, बसमध्ये तिकीट मागायला काही अडचण नाही. पण वरच्या पट्टीत गेलं की आवाज मधेच तुटतो आणि नुसती हवा येते... जननीला पाठवायचा नमुना त्याने सीतालक्ष्मीच्या साड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केला होता — घरी बोलायचं तर तीच जागा, साड्या घुमारा शोषून घेतात — आणि दर वेळी वरच्या जागी आल्यावर थोडा थांबून, जणू मुद्दामच थांबलो असं दाखवत, तो खाली उतरला होता. ऐकणाऱ्याला ते कळेल की नाही, हाच सगळा प्रश्न होता.

ओठ कुणीही जुळवतं. चेन्नईत नव्याने आलेली पोरंसुद्धा महिन्याभरात ओठ जुळवायला शिकतात. श्वास जुळवावा लागतो. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधी जो श्वास घेतो, तो आपण त्याच्याबरोबर घेतला तरच पुढचे शब्द त्याच्या तोंडचे होतात. नाहीतर कितीही गोड बोला, मागे कोणी दुसराच उभा आहे हे आंधळ्यालाही कळतं. प्रोसर खोटं बोलायच्या आधी नाकाने बारीक, चोरटा श्वास घेई. रागाच्या आधी घेतच नसे, उरलेल्यावर भागवी. राजा झाला तेव्हा, धर्मगुरू झाला तेव्हा, त्या खुनी वकिलाच्या भूमिकेत — अख्खं आयुष्य जयतीर्थ त्याच्या छातीने श्वास घेत आला होता. आणि मग कधीतरी वाक्याच्या मधेच श्वास यायला लागला, जिथे लेखकाने स्वल्पविरामही दिला नव्हता तिथे. तेव्हाच त्याला कळलं होतं की ह्या माणसाचं हृदय थकलंय. वर्तमानपत्रांना ते फार उशिरा कळलं.

तो उठला. घरात बसून फोन वाजत नाही असं त्याचं मत होतं. तंजावरच्या राजवाड्याच्या भिंतीकडेने, पर्यटकांच्या गाड्या चुकवत, तो कल्लणै धरणाच्या कालव्याकडे निघाला. पाणी सोडलेलं होतं. ते पुढे शेतांकडे घाईने चाललं होतं. काठाला उभं राहून त्याने नेहमीसारखा श्वास भरला, धरला, सोडला.

आमचं गाव पाटीच्या दगडाचं. बाप खाणीत, छातीत सगळी धूळ. आई प्रार्थनाघरात पाठ म्हणून घ्यायची, मी बाकावर उभा राहून म्हणायचो... मी नव्हे. तो. हे असं अलीकडे फार होतं. एका जुन्या मुलाखतीत प्रोसरने हे सगळं सांगितलं होतं, आणि जयतीर्थाने ती मुलाखत इतक्यांदा पाहिली होती, की आता त्या खाणीतली ओली थंडी स्वतःच्याच लहानपणीची वाटे, ज्याने उभ्या जन्मात कधी स्वेटर घातला नाही त्याला. लंडनच्या नाट्यशाळेत प्रोसरला म्हणाले, आवाज सोन्यासारखा आहे, तो हेल तेवढा टाकून ये. त्याने टाकला. रंगभूमीवर नाव काढलं, मग चित्रपट, मग 'सर' हा किताब. आणि मुलाखतीच्या शेवटी बाईने विचारलं, वेल्श अजून बोलता का? तर तो हसला आणि म्हणाला, कोणाशी?

कोणाशी. जयतीर्थालाही चेन्नईच्या कोडंबाक्कममध्ये, स्टुडिओंच्या वस्तीत, सांगितलं होतं, राव सार, तुमचं तमिळ फार धुतल्यासारखं येतं, जरा मळवा. त्याने मळवलं. दिवसभर तमिळ, संध्याकाळी खोलीवर तमिळ. घरची मराठी फक्त सणाला तंजावरला आलं की, तीही जेवणापुरती. लिहिता तर कधी येतच नव्हती. मुलीला कळते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. ह्याचं कोणाला वाईट वाटायचं काही कारण नाही. पोट भरलं, मुलगी शिकली. पण वाटतं.

प्रोसर गेल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर, तळाशी होती. ती वाचून जयतीर्थ परसात गेला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून घागर ओतून घेतली, दूरच्या गावी भाऊबंद गेल्याचं कळलं की घेतात तशी. सीतालक्ष्मी टॉवेल घेऊन आली. "कोण गेलं?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली, आणि त्या दिवशी तिने भाजीला फोडणी घातली नाही.

फोन वाजला तेव्हा काडी तोंडातच होती. ती काढायलासुद्धा त्याला सुचलं नाही.

"सार, जननी बोलतेय," ती तमिळमध्ये म्हणाली. "तुमचा नमुना ऐकला. फार छान होता, सार."

त्या वाक्याच्या आधीचा श्वास त्याने ऐकला. बारीक, नाकातला.

"पण सार, प्रोसरचं पात्र आपण डबच करत नाही. ह्या चित्रपटात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वेल्शच बोलतो. घरच्यांची अट आहे, त्याचा आवाज त्याचाच ठेवायचा. खाली तमिळ अक्षरं देणार."

"म्हणजे दुसऱ्या कोणाला दिला नाही."

"नाही, सार. कोणालाच नाही."

त्याला आधी बरं वाटलं. ते फार हलकं, पोरकट बरं वाटणं होतं, आणि त्याची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली. मग ते विरलं, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. पाणी चाललं होतं. एक मोपेड शेंगांची पोती घेऊन पुलावरून गेली. जननी सांगत होती की एक तुकडा पाठवते, सार, बाहेर जाऊ देऊ नका, तुम्ही त्याचा आवाज होता इतकी वर्षं, मला वाटलं तुम्हाला बघावंसं वाटेल. चांगली मुलगी. तो आभार मानत म्हणाला, नन्द्री अम्मा. आणि 'नन्द्री'वरच आवाज तुटला.

परतताना वाटेत त्याला त्या कप्तानाची आठवण आली. आठवण कसली, ती कायम तिथेच असते. खूप जुना चित्रपट. प्रोसर त्यात जहाजाचा कप्तान, सगळा जन्म परमुलखात. शेवटी आपल्या खेड्यात येतो, दार ढकलतो आणि आईला काहीतरी म्हणतो. सबंध चित्रपट इंग्रजी, तेवढं एक वाक्य वेल्श. ते मूळ आवाजातच राहायचं होतं, पण परदेशातून आलेल्या ध्वनिफितीवर ते आलंच नव्हतं; ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. काचेपलीकडून इंजिनिअर म्हणाला, काहीतरी बोला सार, ओठांना बसेल असं. कोणाला कळतंय? प्रोसरने श्वास घेतला, जयतीर्थाने घेतला, आणि तोंडून आली ती घरची मराठी — "अम्मा... उशीर झाला गे मला."

"अगदी तिकडचे वाटलात, सार," इंजिनिअर म्हणाला आणि पुढचा तुकडा लावला.

टीव्हीवर तो चित्रपट लागला तेव्हा जयतीर्थ चेन्नईतच होता. हे त्याला सीतालक्ष्मीने नंतर सांगितलं: त्याची आई राजम् तंजावरच्या घरी जमिनीवर बसून शेंगा सोलत होती, पडद्याकडे तिचं लक्षही नव्हतं. त्या वाक्याला तिचे हात थांबले. तिने मान वर केली, दारात उभ्या असलेल्या त्या गोऱ्या, दाढीवाल्या माणसाला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "ये. पाय धू. जेवायास ये." आणि रात्री एक पान जास्त मांडायला लावलं. कोणासाठी ते कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पुढे जयतीर्थ आला, गेला, ती गेली; तिने कधी त्या वाक्याचा विषय काढला नाही, आणि त्यानेही नाही. काढायला हवा होता. विचारायला हवं होतं, अम्मा, तू त्याला ये म्हणालीस की मला?

घरी आल्यावर सीतालक्ष्मीने तोंडाकडे पाहिलं. ताटं घेते म्हणाली. "येतो," म्हणून तो आतल्या खोलीत गेला आणि सवयीने साड्यांचं कपाट उघडून त्यात फोन धरून उभा राहिला, जणू आता बोलायचंच आहे.

जननीचा तुकडा सुरू झाला. एक दार. प्रोसर किती वाळला होता... कोट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा. तो दार ढकलतो, आणि श्वास घेतो, आणि जयतीर्थाची छाती त्याच्याबरोबर भरून आली, तोंड अर्धं उघडलं. पण बोलला प्रोसर. स्वतःच. त्या आवाजात ना राजा होता, ना वकील; ज्या हेलाला लंडनमध्ये टाकून ये म्हणाले होते, तो सगळा हेल होता, आणि जयतीर्थाला एक अक्षर कळलं नाही. चांगलं बोलत होता. फार चांगलं बोलत होता. माझ्या तोंडून तू कधी इतकं चांगलं बोलला नाहीस, बाबा.

घर रिकामं होतं. प्रोसरने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आतल्या खोलीकडे तोंड करून. कोणी आलं नाही. आतून भांड्याचा आवाजही नाही. कॅमेरा हलला नाही आणि तो तसाच उभा, ऐकत.

"ये," जयतीर्थ म्हणाला. "पाय धू. जेवायास ये."

आवाज बारीक होता आणि मधेच हवा झाला. तो प्रोसरचा नव्हता, कप्तानाचा नव्हता. साड्यांनी तो लगेच पिऊन टाकला, तरी त्याच्या कानात काही वेळ राहिला. हा आवाज आपला, असं त्याला वाटलं, आणि पाठोपाठ असंही, की तो पुरा आपला नाही. आईचे शेंगा सोलणारे हात थांबले होते, त्यातलं थोडं ह्यात आहे.

"कोण आलं?" सीतालक्ष्मीने बाहेरून विचारलं.

तुकडा संपला होता, त्याने तो पुन्हा लावला. दार ढकललं गेलं, प्रोसरने श्वास घेतला. ह्या वेळी जयतीर्थाने त्याच्याबरोबर घेतला नाही. बाहेर ताटं मांडल्याचा आवाज येत होता. किती, ते तो ऐकत राहिला.