गप्प न बसणारी पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. दागिन्यांची नव्हे आणि वाजवायची तर मुळीच नव्हे. मोबाईलला रेंज देणारी. टॉवर सगळ्यांना दिसतो, त्याच्या पायथ्याशी बसलेली मी कुणाला दिसत नाही. चालायचंच.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली. बोलणारं कुणी असो वा नसो, सतत सांगत राहायचं, 'मी इथे आहे, मी इथे आहे.' ते ऐकूनच तुमचे फोन मला शोधतात. पहिली काही वर्षं मी बाजारातल्या एका गच्चीवर काढली. खालच्या शिंप्याची बायको रोज माहेरी फोन लावायची आणि "बरं, ठेवते हं" म्हणून पुढे अर्धा तास बोलायची. माझ्यावाचून तिचं पान हलत नसे.

मग सैन्याने माझ्यासारख्या पेट्या घेतल्या. त्यांचे जुने बिनतारी संच बोलणं पोचवत, पण चित्र पाठवायचं म्हटलं की त्यांच्या नाकी नऊ येत. मला हिरवा रंग लागला, ट्रकवर जागा मिळाली. आता फक्त सैनिकांचे फोन माझ्याशी जोडलेले. मला सांभाळायला एक मुरलेला बिनतारीवाला होता. सगळे त्याला मास्तर म्हणत.

"अगं बाई, तोंडाला कुलूप घाल जरा!" तो माझ्यावर उखडायचा. "आमच्यात बोलून झालं की गप्प बसतात. नाहीतर शत्रू आवाजाचा माग काढत येतो." काम झालं की तो मला लगेच बंद करी. मला त्याचं वाईट वाटत नसे.

एका दुपारी टेकडीपलीकडे एका जवानाच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला. रक्त थांबेना. जवळपास डॉक्टर नव्हता. दूरच्या इस्पितळातली डॉक्टरीण माझ्यामार्फत फोनवर जखम पाहत होती आणि जवानाच्या सोबत्याला सांगत होती, "घाबरू नकोस दादा. बोट तिथंच दाबून धर."

तेवढ्यात वर घरघर सुरू झाली. तुकडीचे साहेब धावत आले.

"मास्तर, ड्रोन आलंय. बंद कर ती पेटी!"

"साहेब, रक्त वाहणारी शीर अजून सापडली नाही."

"अरे, ते आपल्याला शोधतायत!"

"शोधू देत. तुम्ही सगळ्यांना घेऊन नाल्यात उतरा. इथं मी एकटा पुरे."

साहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. माणसं घेऊन उतरले. मास्तर माझ्याजवळ बसून राहिला आणि मी माझी ओळख ओरडत राहिले. अखेर डॉक्टरीण म्हणाली, "सापडली! शाब्बास, आता घट्ट बांध." मास्तरने माझ्या बटणाकडे हात नेला. तो बटणापर्यंत पोचला नाही.

मला काही वाटलं नाही, मित्रांनो. अजूनही वाटत नाही. माझ्या अंगाला भोक पडलं, ट्रकचा कोळसा झाला, मास्तरला चादरीत गुंडाळून नेलं. हे सगळं मी पाढे म्हणावेत तसं सांगते.

आता मी प्रशिक्षण केंद्रात टेबलावर असते. शिक्षक माझ्या भोकात बोट घालून नव्या तुकडीला विचारतात, "बिनतारीवाल्याची चूक काय?" भराभर हात वर होतात. "पेटी वेळेवर बंद केली नाही!" उत्तर बरोबर आहे. नव्या पेट्यांना मोजकं बोलायला शिकवलं आहे, त्यांचा अँटेनाही माणसांपासून लांब उभा करतात. चांगलं झालं.

गेल्या आठवड्यात मागच्या बाकावर मांडीत तुकडा घुसलेला तोच जवान बसला होता, हातात काठी घेऊन. प्रश्न आला. त्याचा हात वर झाला नाही.

"काय हो, उत्तर येत नाही?" शिक्षकांनी विचारलं.

"येतं, सर. पण ते माझ्या तोंडून निघणार नाही. ती चूक झाली म्हणून मी जिवंत आहे."

वर्गातले हात एकेक करून खाली आले.

मित्रांनो, यंत्रं जपून वापरा, वेळेवर बंद करा. मास्तरची चूक पाठ करा, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवा. फक्त त्याला मूर्ख म्हणू नका. नियम त्याला तुमच्याआधीपासून पाठ होते.